वाऱ्याच्या खालच्या अंगाने
(सुरत ते वेळावदर : हप्ता दुसरा)

7 डिसेंबर, हजिरा ते घोघा

सुरतेहून भावनगर रस्त्याने गाठायचं तर खंभातच्या आखाताला साडेतीनशे किलोमीटरचा वळसा. नोव्हेंबर 2020 मध्ये हजिरा–घोघा रो-पॅक्स सुरू झाली, तेव्हापासून गाडीसकट बोटीत चढता येतं. आमचे गाडीवाले भाऊ सुरतेच्या लिंबायतचे, मूळ अमळनेरकडचे, पॉवरलूम सोडून स्टिअरिंग धरलेले. डेकवर येताच त्यांनी टोपी काखेत मारली. "मुकला वारा शे!" म्हणजे फार वारा आहे. पाणी गढूळ, चहा बेताचा. बाकी नोंदण्यासारखं काही नाही.

8 डिसेंबर, वेळावदर

भावनगरच्या उत्तरेला भाल प्रदेश लागतो. सपाट म्हणजे किती सपाट, तर नजरेला अडायला काही सापडतच नाही. त्यातला जेमतेम 34 चौरस किलोमीटरचा गवताळ तुकडा 1976 साली काळविटांसाठी राष्ट्रीय उद्यान झाला. त्याआधी हे भावनगरच्या महाराजांचं कुरण. इथे पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार चाले. आपल्या कोल्हापुरातही हाच शौक होता. तिथल्या चित्तेवानांच्या घराण्यांची नावं जुनी माणसं अजून घेतात. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपडं चढवून त्याला गाडीतून कळपाजवळ न्यायचं. गाडीला हरणं बुजत नसत, हीच सारी मेख. म्हणजे आडोसा माणसाने चाकांवर आणला होता. चित्ते गेले. लांडगे राहिले आणि त्यांना गाडी नाही.

संध्याकाळी भोवत्या पक्षी गवतात उतरताना पाहिले. वाऱ्याला तोंड देत, गवताला जवळजवळ घासत येतात. शेकड्यांनी असावेत. मला मात्र पक्ष्यांपेक्षा लांडग्याचीच घाई होती.

9 डिसेंबर, वेळावदर

उजाडताना ईशान्येचा वारा. गवत एकसारखं हलत होतं, त्यामुळे हलणारी पाठ त्यात वेगळी दिसणं कठीण. गाईडभाईंनी गाडी थांबवली आणि हळूच म्हणाले, "वरु." लांडग्याला गुजरातीत वरु.

एक लांडगा उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूने, दुडक्या चालीने चालला होता. वास लागेल याची त्याला फिकीर नव्हती. काळविटांच्या कळपाने माना वर केल्या आणि सगळे डोळे त्याच्याकडे लागले. तेवढ्यात भाऊंनी माझा दंड दाबला. उलट्या बाजूला, गांडा बावळाच्या, म्हणजे वेड्या बाभळीच्या, झुडपांपाशी दुसरा, पोट जमिनीला टेकवून. तो वाऱ्याच्या खाली; कळपाचा वास त्याच्याकडे येत होता, त्याचा कळपाकडे जात नव्हता.

हे ठरवून चाललं होतं की जमून आलं होतं, शपथेवर सांगणार नाही. पण एकाने कळप उठवायचा आणि दुसऱ्याने दबा धरायचा, ही लांडग्यांची रीत अभ्यासकांनी नोंदवली आहे. यादवेंद्रदेव झाला यांनी याच माळावर लांडगा आणि काळवीट यांचा अभ्यास केला. त्यांचा निबंध 1993 चा.

दुसरा उठला तो जरा लवकर. माद्या उंच उड्या घेत फुटल्या, लांडगा थोडा धावला आणि थांबला. दमलाही नसावा, हिशेब जुळत नाही म्हटल्यावर त्याने तो सोडला. मला हा शहाणपणा आवडला. असाच हिशेबी अमेरिकेतल्या प्रेअरीवरचा कायोटी, लांडग्याचा लहान भाऊबंद. तिकडे बंदूकवाले सशाची किंचाळी वाजवून त्याला बोलावतात. पण तो आवाजाकडे सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खाली जातो आणि आधी वास घेतो. म्हणून मुरलेला शिकारी वारा आडवा ठेवून बसतो, म्हणजे वळसा घेणारा कायोटी वास लागण्याआधीच बंदुकीपुढे येतो. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने लांडग्याला पूर्ण संरक्षण आहे, त्यामुळे हा डाव आम्ही नुसता बघायचा.

10 डिसेंबर, उद्यानाबाहेर

कुंपणापलीकडे भरवाडांची मेंढरं होती. त्यांना लांडगा कायद्याने नव्हे, तोट्याने माहीत. एका म्हाताऱ्या काकांना विचारलं, वाऱ्याच्या रात्री काय करता? ते म्हणाले, वारा ज्या अंगाला वाहून जातो, त्या अंगाने वरु येतो. तिकडचा वास कुत्र्याला मिळत नाही, म्हणून कुत्री वरच्या बाजूला आणि आमची खाट खालच्या बाजूला. गाईडभाई आम्हाला समजावून सांगत होते, तोवर भाऊंनी विचारलंही, "आणि झोप?"

"उन्हाळ्यात," काका म्हणाले आणि मेंढरं हाकायला उठले.