तारेचे रुसणे

विजापूरची मुलूखमैदान तोफ १६३२ साली आमच्या परंड्याच्या किल्ल्यावरूनच तिकडे गेली. अशा गावात एका साध्या फाटकाचा सांधा धरू नये, याचे मला वैषम्य वाटे. पुतण्याने कर्ज काढून स्वस्तातले मिग वेल्डिंग यंत्र आणले होते. ठिणग्या आकाशभर, सांधा मात्र चाळणीसारखा! "काका, परत देऊ या," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. झाकण उघडले. वायूविना चालणाऱ्या, पोटात भुकटी भरलेल्या तारेला ऋण टोक लागते. ती मुळातच धन टोकाला जोडून आली होती. जोडणी उलटवली आणि सांधा धरला. तरीही शेतांतले पंप सुरू झाले, की विजेचा दाब उतरतो आणि ज्योत खोकू लागते. म्हणून पुतण्या पहाटेच कामाला बसतो. शेजारीण रोज कुरकुरते.