अंगण वाकडे

फ्रीगंजातील टावर चौकात दिवेलागणीनंतर जी वर्दळ सुरू होते, तिच्या एका कडेला गेल्या हिवाळ्यात एक फुगेवाला आपली लाकडी फळी लावून उभा राहू लागला. फळीवर लिंबाएवढे फुगवलेले फुगे, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. समोर सहा-सात पावलांवर एक जुनी छर्ऱ्याची बंदूक. सायंकाळच्या फेरफटक्यातील विसाव्याची दहा मिनिटे मी तिथे काढतो. एकदा आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने पाच छर्रे झाडले. एकही फुगा फुटला नाही. वडील म्हणाले, ‘‘हाथ हिल गया तेरा.’’ मुलगा मान खाली घालून निघून गेला. लगेच फुगेवाल्याने तीच बंदूक उचलली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी पहिल्याच छर्ऱ्यात फुगा फोडला. मी नीट पाहात होतो. त्याने नेम फुग्यावर धरलाच नव्हता. फुग्याच्या चांगला चार बोटे उजवीकडे धरला होता.

त्या मुलाची ती खाली गेलेली मान माझ्या ओळखीची होती.

शिंदेशाहीत माळव्यात येऊन स्थिरावलेल्या अनेक घरांप्रमाणे आमच्याही घरी खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होई. पणजोबांची तलवार कधीच गेली होती; तिच्या जागी पाटावर विळी, अडकित्ता आणि मी १९७८ साली घेतलेली एअरगन असे. नळी मोडून छर्रा भरायचा, आतली स्प्रिंग दाबली जायची, चाप ओढला की सुटायची. याच बंदुकीवर माझा मुलगा नेम धरायला शिकला. १९९७ साली, पंधराव्या वर्षी, त्याने शालेय स्पर्धेत उतरायचे ठरवले. मी हौसेने इंदूरहून एक पीप साईट, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरण्याचे साधन, आणले आणि एका कारागिराकडून बंदुकीच्या मागच्या अंगावर बसवून घेतले. मोठे नेमबाज असेच साधन वापरतात, एवढे मला ठाऊक होते.

त्यानंतर मुलाचे गुण वाढण्याऐवजी घटू लागले. तो एकदोनदा म्हणाला, ‘‘बाबा, बंदुकीत काहीतरी आहे.’’ मी गणिताचा शिक्षक. रोज बेरीज करून वहीत मांडत असे. एके दिवशी बेरीज फारच खाली आली, तेव्हा मी त्याच्या मित्रांदेखत म्हणालो, ‘‘नाचता येईना, अंगण वाकडे.’’ स्पर्धेत त्याला ४०० पैकी ३१२ गुण मिळाले. घरी येऊन त्याने बंदूक पुसली, तेल लावले, कपाटात ठेवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. या गोष्टीचा आमच्या घरात नंतर कधी उच्चारही झाला नाही.

आता पंचवीस वर्षे ओलांडून पुढे येतो. माझ्या पुतण्याला बेंचरेस्ट नेमबाजीचा नाद लागला. या प्रकारात नेमबाज उभा राहात नाही. दगडी किंवा लोखंडी मेजाशी बसतो, बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवतो आणि आपल्या देहाचा जेवढा भाग या व्यवहारातून वजा करता येईल तेवढा करतो. या खेळाची जागतिक संघटना हवेच्या बंदुकांच्या स्पर्धा २५ मीटरवर घेते : एका कागदावर २५ लक्ष्ये, प्रत्येकावर एकच छर्रा, पूर्ण गुण २५०. अमेरिकेत ॲरिझोनात तर मोठ्या व्यासाच्या बंदुकांनी १०० यार्डांवर असे सामने होतात. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार विनापरवाना बंदुकीला ४.५ मिलिमीटर व्यासाची आणि २० ज्यूल ऊर्जेची मर्यादा आहे. तेव्हा हलक्या छर्ऱ्याने फार लांबचा पल्ला गाठता येत नाही. पुतण्या देवास रस्त्यावरच्या आपल्या शेतात, मागे मातीचा उंच बांध घालून, ५० मीटरवर समाधान मानतो.

पण त्या ५० मीटरांत काय काय भरलेले आहे! छर्ऱ्याचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. तेवढ्या अंतरात तो वीतभराहून अधिक खाली येतो. ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा त्याला दोन-तीन इंच बाजूला नेतो. म्हणून पुतण्याने वाटेत काठ्या रोवून त्यांना लोकरीचे धागे बांधले आहेत, आणि तो दुर्बिणीतून लक्ष्याआधी त्या धाग्यांकडे पाहतो. त्याची बंदूक स्प्रिंगची नाही. तिच्या नळकांड्यात पंपाने आधीच हवा कोंडलेली असते. त्यामुळे धक्का जवळजवळ नसतो. त्या हवेचा दाब प्रत्येक वेळी सारखा सुटावा म्हणून आत एक नियंत्रक असतो, कारण वेग बदलला की छर्रा वर-खाली लागतो. एकाच डबीतले छर्रेही तो तराजूवर तोलून निवडतो. ही सगळी यातायात कशासाठी, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘‘काका, माणूस बाजूला काढला की उरलेल्या चुका दिसायला लागतात.’’

हे वाक्य घेऊन मी घरी आलो, आणि दुसऱ्या रविवारी कपाटातली जुनी बंदूक घेऊन त्याच्या मेजाशी बसलो. स्प्रिंगच्या बंदुकीला थेट पिशवीवर दाबून चालत नाही. छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच ती उसळते. म्हणून पिशवीवर तळहात ठेवून त्यावर तिला सैल विसावू द्यावे लागते. स्प्रिंग आणि आतले चामडे बदलून घेतले होते. २५ मीटरवर दहा छर्रे झाडले आणि कागद आणायला गेलो. भोके विखुरलेली नव्हती. त्यांचे शेजारी शेजारी दोन झुबके झाले होते, आणि मधे दोन बोटे जागा कोरी होती.

पुतण्याने बंदूक हातात घेऊन नळी हलवली. जिथे नळी मोडते तिथला खिळा झिजला होता. बंद करताना नळी कधी किंचित डावीकडे बसे, कधी उजवीकडे. मग त्याने पीप साईट काढून टाकली आणि मूळच्या साध्या नेमखाचेवरून पुन्हा झाडायला सांगितले. दोन झुबक्यांचा एक झाला. कारण सोपे होते. मूळची खाच आणि माशी दोन्ही नळीवरच होत्या. नळी सरकली तर त्याही तिच्याबरोबर सरकत, आणि नेम सांभाळला जाई. मी आणलेली पीप साईट मात्र मागच्या अंगावर होती. माशी एका भागावर, छिद्र दुसऱ्या भागावर, आणि मधला सांधा ढिला. बंदुकीचे व्यंग तिच्यातच जिरून जात होते. ते माझ्या सुधारणेने उघड्यावर आणले आणि मुलाच्या हाताच्या खाती घातले. अंगण वाकडे होते, आणि ते मीच वाकडे केले होते.

त्या रात्री ट्रंकेतून १९९७ चे कागद काढले. प्रत्येक कागदावर ते दोन झुबके होते. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात बेरीज होती. मी बेरीज वाचली होती, भोके वाचली नव्हती.

चुकीच्या या दोन जाती उज्जैनीच्या माणसाला तरी नव्या वाटू नयेत. सवाई जयसिंगांनी पितळी यंत्रे सोडून चुन्या-दगडांची प्रचंड यंत्रे का बांधली? पितळी यंत्रांचे आस झिजतात, मध्यबिंदू ढळतो, आणि लहान आकारात बारीक भाग पडत नाहीत, हेच त्यांचे उत्तर होते. आपली वेधशाळा म्हणजे आकाशासाठी घातलेले दगडी मेजच आहे. ग्वाल्हेर दरबारने १९२३ च्या सुमारास तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या ज्योतिर्विदाने ती पुन्हा बोलती केली. तिथले सम्राट यंत्र आपली स्थानिक वेळ सांगते. ती भारतीय प्रमाण वेळेपेक्षा सरासरी २७ मिनिटे मागे असते. म्हणून यंत्राला कोणी खोटे म्हणत नाही. फरक ठाऊक आहे. तो मिळवला की झाले. फुगेवाल्याचे चार बोटे हेच आहे. ठाऊक असलेली चूक ही दुरुस्ती असते. घात करते ती न तपासलेली.

याचा अर्थ साधनच सारे काही करते, असा नव्हे. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत सुमा शिरूर यांनी पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले. दहा मीटरवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे उभ्याने चाळीस वेळा पोहोचणे कोणतेही मेज करून देत नाही. पण २००८ साली बीजिंगमध्ये अंतिम फेरीआधीच्या चाचणीत अभिनव बिंद्राचा छर्रा केंद्रापासून फार दूर गेला, तेव्हा त्याने आधी आपल्या हाताला दोष दिला नाही. नेमसाधन हलले आहे हे ओळखून ते जागेवर आणले आणि मग सुवर्णपदक जिंकले. साधनाला दोष देणे आणि साधन तपासणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा शिकवायला हवे होते. मी म्हण शिकवली.

मुलगा पुण्यात असतो. त्याची चाळिशी उलटली आहे. दोन दिवस मनाशी जुळवाजुळव करून मी त्याला फोन केला आणि सारे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘बाबा, सुरुवातीला मला वाटायचं बंदुकीत दोष आहे. पण तुम्ही म्हणालात, तेव्हा मला माझ्या हाताचंच खरं वाटलं. नंतर कितीतरी गोष्टी मी, हात हलेल म्हणून, सुरूच केल्या नाहीत.’’

यावर मला काही उत्तर सुचले नाही. माझे चुकले, एवढेच म्हणालो. शिक्षकी पेशात इतकी वर्षे काढून हे दोन शब्द मी त्याला पहिल्यांदाच ऐकवत होतो. थोड्या वेळाने तोच म्हणाला, ‘‘दिवाळीत येईन तेव्हा ती काढून ठेवा. खिळा बदलू नका, मला ते झुबके बघायचेत.’’

कागद मी उशाशी काढून ठेवले आहेत. टावर चौकात अजूनही जातो. फुगेवाल्यापाशी एखाद्या मुलाचे सगळे छर्रे वाया गेले आणि त्याची मान खाली जाऊ लागली, की जरा पुढे सरकून सांगतो, ‘‘बेटा, हाथ ठीक है. चार उँगली दाएँ देखो.’’ फुगेवाला माझ्याकडे रोखून पाहतो. अद्याप काही बोललेला नाही.