ऑरेंज स्ट्रीटवरच्या तबकड्या

जमैकाची राजधानी किंग्स्टन आमच्या वयाच्या माणसाला ठाऊक आहे ती क्रिकेटमुळे. १९७१ च्या फेब्रुवारीत तिथल्या सबिना पार्कवर मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या आणि अजित वाडेकरांनी सोबर्सच्या वेस्ट इंडिजला फॉलोऑन दिला. पाच वर्षांनी त्याच मैदानावर मायकेल होल्डिंगचा चेंडू बडोद्याच्या अंशुमान गायकवाडांच्या कानावर आदळला. २०१९ च्या फेब्रुवारीत मी किंग्स्टनला गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी हे मैदान पाहून घेतले. माझ्या लेखी शहर बघून झाले होते.

माझा भाचा तेव्हा तिथल्या मोना भागातल्या विद्यापीठात नोकरीला होता. तो म्हणाला, "मामा, तुमचं देऊळ झालं. आता माझ्या देवळात चला."

हे देऊळ म्हणजे ऑरेंज स्ट्रीट. शहराच्या जुन्या भागात परेड नावाचा चौक आहे. मधोमध बाग, एका बाजूला वॉर्ड थिएटरची देखणी पण थकलेली इमारत आणि चोहीकडे हातगाड्या, केळी, मोबाइलची कव्हरे, मिनीबसवाल्यांची हाकाटी. सणाच्या आदल्या दिवशी बेळगावच्या गणपत गल्लीत जी गर्दी असते, ती इथे रोजचीच. या चौकालगतून ऑरेंज स्ट्रीट उत्तरेकडे जातो. १९६० आणि ७० च्या दशकांत याला 'बीट स्ट्रीट' म्हणत. रेकॉर्डची दुकाने एकाला लागून एक, प्रत्येकाच्या दारात माणसाएवढा कर्णा, आणि गाणे सकाळी मुद्रित झाले तर त्याचा पहिला निकाल इथल्या फुटपाथवर लागायचा. मी गेलो तेव्हा बहुतेक गाळ्यांना पत्रे ठोकलेले होते. १३५ क्रमांकाचे 'रॉकर्स इंटरनॅशनल' हे दुकान मात्र उघडे होते. फुंकून वाजवायची छोटी पेटी, मेलोडिका, जगाला ऐकवणाऱ्या ऑगस्टस पाब्लोचे हे दुकान. तो १९९९ मध्ये गेला.

आत शिरलो तर भिंतभर सात इंची तबकड्या. पुष्कळांवर नावच नाही! लेबल कोरे, कुठे रबरी शिक्का, कुठे पेनाने केलेली खूण. भाच्याने समजावले की त्या काळी गाणे तयार झाले की आधी दोन-चारशे प्रती काढायच्या, लेबल छापायची वाट कोण बघतो! चालले तर पुढे छापू, नाही चालले तर विसरून जाऊ. अशी विसरलेली गाणी हजारोंनी आहेत आणि ती शोधून पुन्हा बाजारात आणणे हा आज जगभरच्या वेड्यांचा उद्योग आहे. भाचा त्यांतलाच एक.

आपल्याला रेगे म्हणजे बॉब मार्ले, तोही बराचसा टी-शर्टवरून माहीत. पण या संगीताची एक धाकटी पाती आहे, तिचे नाव डब. १९६७-६८ च्या सुमारास स्पॅनिश टाउन गावचा एक ध्वनिक्षेपकवाला ट्रेझर आयल स्टुडिओत तबकडी कापून घ्यायला गेला. तिथल्या तंत्रज्ञाकडून गायकाचा आवाज घालायचाच राहिला. ध्वनिक्षेपकवाल्याने ती तशीच नाचाच्या रात्री लावली आणि आवाजाच्या मोकळ्या जागेत सगळी गर्दी गाऊ लागली, अशी कथा सांगतात. तेव्हापासून तबकडीच्या मागच्या बाजूला बिनगाण्याची 'व्हर्शन' घालायची रीत पडली.

त्या रीतीचे शास्त्र केले ओस्बोर्न रडॉक या माणसाने. त्याला लोक किंग टबी म्हणत. मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा. वॉटरहाउस वस्तीतल्या ड्रॉमिली ॲव्हेन्यूवर, घराच्याच एका खोलीत त्याचा कारभार. वादकांना बसायला जागा नाही, तेव्हा दुसऱ्या स्टुडिओत मुद्रित झालेल्या टेपा त्याच्याकडे यायच्या. तो गायकाचा आवाज खाली ओढायचा, गिटार एका ठोक्यापुरती आत घ्यायची, तिचा प्रतिध्वनी लांबवर घुमवायचा आणि खाली ढोल आणि बास तेवढे चालू ठेवायचे. भजनात टाळकरी एकदम थांबतात, एकटा पखवाज बोलतो आणि अंगावर काटा येतो ना, तेच हे; फक्त इथे कुणाला केव्हा थांबवायचे हे मिक्सरवर बसलेला माणूस ठरवतो. १९८९ च्या फेब्रुवारीत रात्री काम आटोपून परतताना टबीला घराच्या दारात गोळी घालण्यात आली. त्याचे मिक्सर पुढे अमेरिकेत सिॲटलच्या संग्रहालयात पोचले.

आता वस्तू हरवतात कशा, ते ऐका. टेप महाग, तेव्हा जुन्या मुद्रणावरच नवे मुद्रण करायचे. त्यात हवा दमट, वादळे ठरलेली. नाचासाठी खास कापलेली तबकडी तर ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मऊ लाखेचा थर देऊन केलेली. काही डझन वेळा वाजली की सुई तिचा आवाज खरवडून टाकते. ली पेरीचा 'ब्लॅक आर्क' स्टुडिओ त्याच्या परसात होता. तो जळाला, आणि आपणच पेटवला असे पेरी सांगत असे. कॉक्सन डॉडच्या 'स्टुडिओ वन'ला त्यातल्या त्यात बरे दिवस आले. २००४ च्या मे महिन्याच्या आरंभी त्या रस्त्याला स्टुडिओचे नाव मिळाले. त्यानंतर चारच दिवसांत डॉडने डोळे मिटले.

परेडवर १७ नंबरला 'रँडीज' हे दुकान होते आणि वरच्या मजल्यावर स्टुडिओ. मालक व्हिन्सेंट चिन आणि पत्नी पॅट्रिशिया. या बाईंचे आजोळ चिनी आणि वडिलांकडचे मूळ भारतीय. भारतीय मजूर जमैकात १८४५ पासून आणले गेले, त्यांची तिथे राहिलेली आठवण म्हणजे रोटी, करी आणि 'गांजा' हा शब्द. पहिल्या दोहोंचा आपण अभिमान बाळगावा, तिसऱ्याबद्दल गप्प बसावे. असो. मार्ले आणि त्याच्या जोडीदारांची १९७० ची कितीतरी मुद्रणे याच मजल्यावरची. सत्तरच्या दशकातल्या राजकीय हाणामारीला कंटाळून चिन मंडळी न्यूयॉर्कला गेली आणि १९७९ मध्ये तिथल्या क्वीन्स भागात त्यांनी 'व्हीपी रेकॉर्ड्स' थाटली. त्या वस्तीचे नावही योगायोगाने जमैकाच. मूळ टेपा मात्र मागे राहिल्या. त्या गेल्याच असे धरून चालले असताना बऱ्याचशा सापडल्या. त्यांवर २०१९ मध्ये एक माहितीपटही निघाला.

गंमत अशी, की हे संगीत जगवले ते बेटाबाहेरच्यांनी. लंडनला, न्यूयॉर्कला गेलेल्या जमैकन माणसांनी पेटीत कपड्यांच्या घड्यांमध्ये तबकड्या नेल्या. त्या त्यांच्या मुलांनी, शेजाऱ्यांनी ऐकल्या. १९९३ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरला 'ब्लड अँड फायर' ही कंपनी निघाली. जाणकार स्टीव्ह बॅरो, पाठीशी 'सिंपली रेड'चा गायक मिक हकनॉल आणि त्याची माणसे. 'हार्ट ऑफ द काँगोज' हा १९७७ चा संच पेरीने मोजक्या प्रतींत काढला होता. मार्लेला जगापुढे नेणाऱ्या आयलंड कंपनीने तो घेतला नव्हता. या मंडळींनी १९९६ मध्ये तो काढला आणि जगाला कळले की वीस वर्षे आपण काय गमावले होते. बर्लिनच्या दोघा संगीतकारांनी २००१ पासून न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या 'वॅकीज' स्टुडिओची मुद्रणे पुन्हा काढली. टोकियोतही असे दुकान आहे. जिथे मूळ टेप नाही तिथे चांगली तबकडी शोधायची, धुवायची, एकेक खरखर काढायची. आपल्याकडे संग्राहकांनी जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून नाट्यगीते वाचवली, तोच प्रकार.

पण मला प्रश्न पडला तो पैशाचा. भाच्याला विचारले, "अरे, हे जे विकतात त्यातलं गाणाऱ्याला काय मिळतं?" तो जरा गप्प झाला. त्या काळी गायकाला, वादकाला गाण्यामागे ठरीव रोख मिळायची आणि हिशेब संपायचा. जमैकाला १९९३ पर्यंत स्वतःचा कॉपीराइट कायदाच नव्हता, इंग्रजांचा १९११ चा चालू होता. २०१५ मध्ये मुदत ५० वरून ९५ वर्षांवर गेली, ही चांगलीच गोष्ट. पण हक्क कुणाचा हे लेबलवर छापलेल्या निर्मात्याच्या नावावरून ठरत असेल, तर बासवाल्याला ९५ वर्षे काय आणि ५ वर्षे काय! चांगल्या कंपन्या गायक शोधून काढतात, आधी पैसे देतात, मग छापतात. वाईट कंपन्या तबकडीवरून नक्कल करतात आणि देखणे कव्हर घालतात. दिसायला दोन्ही सारखीच. माझे मत विचाराल तर दुसऱ्या प्रकारच्या माणसांनी आपण वारसा वाचवतो असे तरी म्हणू नये.

त्या दुपारी दुकानात एक म्हातारा आला. सत्तरी उलटलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर लोकरी टोपी. भाच्याने त्याला मुद्दाम बोलावले होते. परदेशातल्या एका छोट्या कंपनीला १९७० च्या दशकातले एक गाणे मागच्या बाजूच्या डबसह काढायचे होते आणि वादकांची नावे गोळा करायचे काम भाच्याकडे होते. लेबलवर फक्त गायक आणि निर्माता. बास या म्हाताऱ्याने वाजवल्याचे कुणीतरी सांगितले होते.

त्याची बोली मला निम्मीच कळत होती. भाचा मला मराठीत सांगत होता, म्हातारा थांबून ती भाषा कौतुकाने ऐकत होता. कागदावर नावे येऊ लागली. ढोलवाला गेला. गिटारवाला टोरांटोला, मुलीकडे. तुतारी दोघांची, त्यातल्या एकाचे खरे नाव कुणालाच ठाऊक नव्हते, पण बायको मे पेन भागात राहते, तिला विचार. ऑर्गन कुणाचा? म्हाताऱ्याने बराच वेळ डोके खाजवले आणि "तो माणूस मी नंतर कधी पाहिला नाही," म्हणाला. भाच्याने त्या ओळीपुढे जागा कोरी ठेवली.

मग कंपनीने पाठवलेला नमुना लॅपटॉपवर लावला. पत्र्याच्या छपराखाली एवढ्याशा स्पीकरमधून बास काय ऐकू येणार! पण म्हाताऱ्याने डोळे मिटले, डाव्या हाताची बोटे मांडीवर चालू लागली. मागच्या बाजूचा डब सुरू झाला, गायकाचा आवाज विरला आणि याची बोटे उघडी पडली. मला वाटले, आता रडेल. तो रडला नाही, कपाळाला आठी घातली.

"हे जोरात पळतंय," तो म्हणाला.

भाचा गोंधळला. कंपनीने नमुना कुठल्याशा टेपेवरून घेतला होता आणि टेप उतरवताना वेग थोडा चढला तर सूरही चढतो. म्हाताऱ्याने स्वर गुणगुणून दाखवला: आम्ही खाली लावत होतो, हे वर गेले. भाच्याने खिशातला फोन काढून सूर मोजला. जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक. चाळीसएक वर्षे ते गाणे त्याने ऐकले नव्हते.

निघताना म्हाताऱ्याने एवढेच विचारले, की पाकिटावर नाव येणार ते कसे लिहिणार. कागद मागून घेतला आणि स्वतःच मोठ्या अक्षरांत लिहून दिले. आडनावात एक अक्षर लोक नेहमी गाळतात म्हणे. पैशाचे भाच्याने काढले, तेव्हा "आधी वेग नीट करा," म्हणाला.

पुढच्या तीन वर्षांच्या आत निर्माता बनी ली गेला, ली पेरी गेला, बासवादक रॉबी शेक्सपिअर गेला. भाचा आता किंग्स्टनला नाही. ती तबकडी निघाली, वेग दुरुस्त होऊन. वादकांच्या यादीत म्हाताऱ्याचे आडनाव पूर्ण आहे. ऑर्गनपुढे अजून काही लिहिलेले नाही.