लिअरची वाटणी

२६ डिसेंबर २०१८ च्या रात्री आमच्या मिशनच्या आवारात, कडुनिंबाखाली, धर्मग्रामातील तरुणांनी शेक्सपिअरचे 'राजा लिअर' सादर केले. गाव अकोला-अमरावती रस्त्यावरचे, मूर्तिजापूरच्या अलीकडचे. अनुवाद विंदा करंदीकरांचा, १९७४ साली प्रसिद्ध झालेला. त्याचा दीड तासाचा संक्षेप मी केला होता. ग्लॉस्टरचे सबंध उपकथानक गाळण्याचे पातकही माझेच. तारीख मुद्दाम निवडली होती. १६०६ साली याच रात्री, संत स्तेफनच्या सणाला, हे नाटक इंग्लंडच्या राजापुढे झाल्याची नोंद आहे. हे ऐकून मुलांना भलताच हुरूप आला होता.

ताडपत्रीवर तीनएकशे माणसे बसली होती. त्यांत आपली कुटुंबे थोडी, बाकी सारा गाव. कापूस घरात आलेला, तूर अजून शेतात उभी. म्हातारा राजा राज्याचे तीन भाग करतो आणि कोणत्या मुलीचे आपल्यावर किती प्रेम आहे असे विचारतो, तेव्हाच लोकांनी त्याला उत्तरे द्यायला सुरुवात केली. "वाटणी नोको करू राजा!" "धाकली खरं बोलून रायली, तिचं आयक!" मागून कोणीतरी जाहीर केले, "हे तं नटसम्राट होय!" शिरवाडकरांच्या १९७० च्या नाटकाचे मूळ ओळखणारा तो समीक्षक पानटपरी चालवतो, हे मला नंतर कळले.

मी अस्वस्थ होत होतो. सेमिनरीत आम्हाला मौनाचे वळण लागलेले. शोकांतिका ऐकताना माणसाने गंभीर असावे ही माझी ठाम समजूत. थोरल्या मुलीला शाप देऊन लिअर निघाला, तेव्हा पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "बाप्पा, पाय धर तिचे, पण घर सोडू नोको. बाहेर थंडी हाय." लोक हसले. मी ध्वनिक्षेपक हाती घेऊन कठोर स्वरात शांततेची विनंती केली. ते गृहस्थ क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग चपला शोधून आवाराबाहेर गेले. वादळाच्या प्रवेशात मुलांनी पत्रा बडवून गडगडाट केला. नाटक रंगले, पण समोरून एक शब्द आला नाही.

पाहुणे म्हणून आलेल्या अमरावतीच्या एका प्राध्यापकांनी पुढे वृत्तपत्रात लेख लिहिला. मुलांचे कौतुक केले; तथापि उघड्यावरच्या अशिक्षित प्रेक्षकांच्या बडबडीने रसभंग झाला, असेही नमूद केले. मला ते पटले. जानेवारीत अकोल्याला एका शाळेच्या मैदानावर दुसरा प्रयोग झाला, तेव्हा आम्ही खुर्च्या मांडल्या आणि आरंभीच सूचना दिली. प्रेक्षक शेवटपर्यंत शांत राहिले आणि शेवटी टाळ्या वाजल्या. विदूषकाचे काम करणारा मुलगा मुखवटा पुसत मला म्हणाला, "फादर, आज समोर लोकं होते का?"

या प्रश्नाने मला पुस्तकांकडे परत नेले. १५९९ साली लंडनमध्ये उभारलेले ग्लोब नाट्यगृह मध्यभागी उघडेच होते. एक पेनी देऊन आलेले लोक तेथे उभे राहून नाटक पाहत, आणि ते काही आमच्या सेमिनरीतून आले नव्हते. या नाटकाचा शेवट न सोसून १६८१ मध्ये नेहम टेटने तो बदललाच. त्याच्या नाटकात धाकटी जगते आणि राजाला राज्य परत मिळते. दीडएकशे वर्षे इंग्रजी रंगभूमीवर तेच चालले. डॉ. जॉन्सनसारख्या विद्वानालाही धाकटीचा मृत्यू इतका लागला होता, की नाटकाचे संपादन करण्याची वेळ येईपर्यंत त्यांनी ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचले नाहीत. इतके दूर तरी कशाला जावे? याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर वदवून घेत. ज्या मातीत असे कीर्तन झाले, तेथे राजाने प्रश्न विचारला तर लोक गप्प कसे बसतील?

उपवासकाळात एका दुपारी ते वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. आपल्या धर्मग्रामातले नव्हेत. चार एकर वावर दोन्ही मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करून दिलेले; आता एक महिना एकाकडे, एक महिना दुसऱ्याकडे. "एकतीस तारखेचा वांधा होते, फादर," ते म्हणाले. लिअरही असाच महिन्या-महिन्याच्या पाळीने राहणार होता, शंभर सरदारांसह. मी त्यांना २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याविषयी सांगितले: सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली असेल आणि अट पाळली गेली नाही, तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दाद मागता येते, मात्र अट कागदावर असलेली बरी.

"अट नाई लिहली जी." थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "त्या राजानं लिहून घेतली होती का?"

"नाही. तोंडीच होती."

"मी तं मधातच उठून गेलो. पुढं काय झालं त्याचं?"

टेटचा शेवट सांगावा असे मनात येऊन गेले. शेक्सपिअरचा सांगण्यास जीभ रेटेना. मी स्वयंपाक्याला हाक मारून दोन कप चहा ठेवायला सांगितला, आणि त्या रात्री माईकवरून जे बोललो त्याबद्दल प्रथम त्यांची क्षमा मागितली.