आतल्या राखणदाराशी बोलताना

स्वतःतली वाईट सवय मोडायची म्हणजे तिला दाबून टाकायचं, असं आपण धरून चालतो. इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स, म्हणजे आयएफएस, ही उपचारपद्धती स्वतः अनुभवल्यावर माझं मत याच्या नेमकं उलट झालं आहे: मनाचा जो भाग आपलं नुकसान करतो, तो बहुधा कशाची तरी राखण करत असतो, आणि त्याच्याशी भांडण काढलं की तो अधिकच हट्टाला पेटतो. रिचर्ड श्वार्ट्झ हे अमेरिकी कुटुंबोपचारतज्ज्ञ 1980च्या दशकात खाण्याच्या विकारांवर काम करताना इथवर पोहोचले. एका रुग्ण स्त्रीच्या, तिला स्वतःला इजा करायला लावणाऱ्या भागाला त्यांनी दटावून पाहिलं. पुढच्या भेटीत ती चेहऱ्यावर जखम घेऊन आली. त्यांनी हार मानली, तेव्हा कुठे तो भाग बोलता झाला. म्हणूनच या पद्धतीत आधी विचारतात, ‘या भागाबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ उत्तर ‘संताप येतो’ असं आलं, तर तो संतापही एक भागच. त्याला जरा बाजूला व्हायची विनंती करायची. अशा राखणदार भागांनी परवानगी दिल्याशिवाय जुन्या दुखऱ्या आठवणीला हात लावायचा नाही. मला या पद्धतीचा गाभा इथेच दिसतो.

याला पुरावा काय, हा प्रश्न रास्त आहे. 2013 साली संधिवाताच्या 79 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ महिने आयएफएस घेतलेल्या गटाच्या वेदना, हालचाल आणि नैराश्य यांत, आजाराची नुसती माहिती मिळालेल्या गटापेक्षा सुधारणा दिसली. अभ्यास लहान आहे, आणि असे अभ्यास अजून थोडेच आहेत. त्यावरून ही पद्धत सर्वांना लागू पडते असं म्हणणं मला मान्य नाही. राखण म्हटलं की वाईट वागण्याला सबब मिळते, असाही आक्षेप घेतात. पण त्या भागाची भीती समजून घेणं म्हणजे कृत्य माफ करणं नव्हे. जबाबदारी माणसाचीच राहते. खोट्या आठवणी तयार होण्याचा धोका मात्र खरा आहे. उपचारकानेच ‘लहानपणी काहीतरी घडलं असणार’ असं सुचवलं, तर मन ते भरून काढतं. असं सुचवणाऱ्या उपचारकाकडे पुन्हा जाऊ नये.

भास होत असतील किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर आतल्या भागांशी बोलण्याचा हा प्रयोग एकट्याने करू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक निःशुल्क आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.