सोळा बाइटांची नोंद

युनिक्समध्ये डिरेक्टरी म्हणजे आणखी एक फाइलच. फरक एवढाच की तिच्यात इतर फाइलींची नावे लिहिलेली असत. १९७१च्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक नोंद १० बाइटांची होती: २ बाइट फाइलीच्या क्रमांकासाठी, ८ नावासाठी. पुढे नोंद १६ बाइटांची झाली आणि नावाला १४ अक्षरे मिळाली. ५१२ बाइटांच्या ठोकळ्यात अशा नेमक्या ३२ नोंदी बसत. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची ही काटकसर तत्कालीन यंत्रांना साजेशीच होती.

तिची किंमत मात्र वापरणाऱ्याने मोजली. चौदाव्या अक्षरापुढचे नाव मुकाट्याने कापले जाई. पहिली १४ अक्षरे सारखी असलेली दोन नावे यंत्राच्या लेखी एकच. दुसरी फाइल लिहायला घ्यावी, तो पहिलीचा मजकूर नाहीसा.

१९८३मध्ये बर्कलीहून ४.२ बीएसडी प्रसृत झाली. मार्शल कर्क मॅक्युसिक, बिल जॉय, सॅम्युएल लेफलर आणि रॉबर्ट फॅब्री यांच्या नव्या फाइलव्यवस्थेत नोंदीचा ठरीव आकार मोडला. आता प्रत्येक नोंद स्वतःची लांबी आणि नावाची लांबी सोबत बाळगू लागली. नाव २५५ अक्षरांपर्यंत वाढू शकत होते. एखादी फाइल काढून टाकली की तिच्या नोंदीची जागा बहुधा आधीच्या नोंदीच्या लांबीत मिळवली जाई.

खरी अडचण इथेच उभी राहिली. ‘एलएस’सारखे प्रोग्राम डिरेक्टरी थेट उघडून सोळा-सोळा बाइट वाचत असत. त्यांना नव्या मांडणीतून निव्वळ कचरा मिळाला असता. म्हणून ‘ओपनडिर’ आणि ‘रीडडिर’ ही फंक्शने पुढे आली: प्रोग्रामने पुढची नोंद मागावी, ती डिस्कवर कशी मांडली आहे याची चौकशी करू नये. जुन्या व्यवस्थेवर चालणारी त्यांची आवृत्तीही बर्कलीने पुरवली. त्यामुळे एकदा दुरुस्त केलेला प्रोग्राम दोन्हीकडे चाले. लांब नावांचे कौतुक फार झाले, पण या मंडळींचे मोठे काम हेच म्हणावे लागेल. १९८८च्या पॉझिक्स मानकाने ही पद्धत स्वीकारली.

२०१८च्या फ्रीबीएसडी १२मध्ये फाइलीचा क्रमांक ३२ बिटांवरून ६४ बिटांवर गेला आणि नोंद पुन्हा बदलली. ‘रीडडिर’ वापरणाऱ्या बहुतेक प्रोग्रामांना केवळ नव्याने कंपाइल करणे पुरले. आधीच कंपाइल झालेल्यांसाठी जुन्या घडणीची नोंद देणारी वाट कर्नलमध्ये राखून ठेवावी लागली.