सोनं घरी येऊन फिकं का पडलं? (इयत्ता चौथी, परिसर अभ्यास आणि गणित : एक अनुभव)



"मॅडम, आमचं सोनं घरी आलं अन् फिकं पडलं. आजी म्हणते, फसवलं."

माझ्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत डबा खाता खाता हे बोलली. मोठ्या ताईच्या लग्नासाठी तिच्या आईने भिशी लावून पैसे जमवले होते आणि सदरमधल्या एका दुकानातून डोरलं घेतलं होतं. दुकानात ते हळदीसारखं पिवळं दिसलं. घरी पांढऱ्या ट्यूबलाइटखाली डबी उघडली, तर रंग उतरल्यासारखा वाटला. लग्न दोन आठवड्यांवर आलेलं. घरात दोन दिवस धड कोणी कोणाशी बोललं नाही म्हणे. दुकान आईने निवडलं होतं, त्यामुळे सगळा राग तिच्यावर.

पालकसभा शनिवारी होतीच. मी त्या ताईंना डबी आणि बिल घेऊन यायला सांगितलं. वर्गातलं भिंग घेऊन डोरल्याच्या वाटीमागे बघितलं. तिथे बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, २२के९१६ आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक होता. हा क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांवर सक्तीचा आहे. मोबाइलवरच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला, तर माहिती जुळली. सोनं चोख होतं. मग फिकं कशामुळे? ताईंच्या तोंडावरची काळजी गेली होती, पण माझ्या डोक्यातला प्रश्न काही जाईना.

सोमवारी वर्गात पितळेचा गडू नेला. सोनं कोण देणार हो आम्हाला! एका खोक्यात पिवळसर एलईडी बल्ब लावला, दुसऱ्यात पांढरा, आणि तिसऱ्यांदा गडू खिडकीत उन्हाजवळ ठेवला. मुलांनी वहीत लिहायचं, कुठे कसा दिसला. पिवळ्या खोक्यात "नवा", पांढऱ्यात "जुना, धुतला नाही असा", खिडकीत "खरा". शब्द त्यांचेच आहेत, मी बदलले नाहीत. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, गडू तोच आहे, लाइट खोटं बोलते." मी त्याला अडवलं. लाइट खोटं बोलत नाही बाळा, जेवढं तिच्याकडे आहे तेवढंच दाखवते. पिवळसर प्रकाशात पिवळा-तांबडा भाग जास्त, म्हणून पितळ आणि सोनं खुलतं. पांढऱ्यात निळा भाग जास्त, तिथे चांदी आणि हिरा चमकतो.

पालकांनो, बल्बच्या खोक्यावर 'के' लिहिलेला आकडा असतो ना, तो केल्विनचा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे पांढरा, थोडा निळसर. आणखी एक आकडा असतो सीआरआय, रंग किती खरे दिसतात त्याचा. कमाल १००. जुना हॅलोजन जवळजवळ १०० पर्यंत जातो, साधा एलईडी ८० च्या आसपास. म्हणून स्वस्तातला एलईडी सराफाला चालत नाही, माणिक आणि पोवळ्याचा लाल रंग त्यात मरतो. ९० च्या वरचा घ्यावा लागतो, तो महाग पडतो.

त्याच आठवड्यात चार मुलं आणि दोन पालकांसोबत मी सदरच्या एका छोट्या सराफाकडे गेले. (त्या ताईंचं दुकान नव्हे.) काकांनी छान वेळ दिला. आधी त्यांच्याकडे ५० वॅटचे ४० हॅलोजन होते, आता ७ वॅटचे ४० एलईडी आहेत. गणित मुलांनी तिथेच काउंटरवर मांडलं. ४० गुणिले ५० म्हणजे २००० वॅट, म्हणजे तासाला २ युनिट. दहा तासांचे २० युनिट. आता २८० वॅट, दहा तासांचे २.८ युनिट. दिवसाला १७.२ युनिट वाचले, महिन्याच्या २६ दिवसांचे ४४७. दशांश चिन्ह शिकवताना पुस्तकातली उदाहरणं मी कितीदा दिली असतील, पण हे गणित एकानेही चुकवलं नाही.

काकांनी सांगितलेली पुढची गोष्ट मला माहीत नव्हती. हॅलोजनची बहुतेक वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. २००० वॅट म्हणजे दुकानात दोन हीटर लावल्यासारखं, आणि ती गरमी काढायला अर्ध्या टनापेक्षा जास्त एसी निव्वळ त्यासाठी चालायचा. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेलेत. बाहेर ती भट्टी आणि आत डोक्यावर हॅलोजन. "आमच्या पोरांच्या टाळूला चटके बसायचे," काका म्हणाले. काउंटरमागे दिवसभर उभं राहणाऱ्यांचा विचार आपण वीजबिल बोलताना करतच नाही.

सदरहून छावणी, मानकापूर करत पुढे गेलं की कोराडीच्या चिमण्या दिसतात. एका युनिटला पाऊण किलोच्या आसपास कोळसा धरला, तर त्या एका छोट्या दुकानाने महिन्याला तीनशे किलोच्या आसपास कोळसा जळण्यापासून वाचवला. वर्गातल्या दोघांचे नातेवाईक कोराडीत राहतात. वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख त्यांना माहीत आहे.

जाता जाता एवढंही सांगते : पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे. निळ्यावर पिवळा लेप चढवून पांढरा प्रकाश मिळतो. त्या निळ्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांना ही नावं फार आवडली, दिवसभर एकमेकांना त्याच नावांनी हाका मारत होती.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. परतताना रेसिडेन्सी रोडवर एका बंद दुकानाचा शोकेस लख्ख पेटलेला होता. आत दागिना नाही, नुसत्या रिकाम्या मखमली माना. मुलीने विचारलं, "हे कोणाले दाखवून राहिले?" मी रखवालदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "रात्रभर असते मॅडम, एलईडीच तर आहे." स्वस्त झालं म्हणून जास्त जाळायचं, मग वाचलं कुठे? वाचलेले युनिट असे गळत असतील तर नोबेलवाले तरी काय करणार!

१४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन येतो आहे. यंदा नेहमीची घोषवाक्यं न देता मी मुलांना आपापल्या गल्लीतले रात्री दहानंतर विनाकारण चालू असलेले दिवे मोजून आणायला सांगणार आहे, पालकांसोबतच. तुमच्या शाळेत खोक्यांचा प्रयोग करणार असाल तर खोकी आतून काळी रंगवा, नाहीतर दोन्ही प्रकाश मिसळतात. आणि लग्नसराईत सोनं घेणार असाल तर दागिना हातात घेऊन दुकानाच्या दारापर्यंत या, दिवसाउजेडी बघा. चांगला सराफ नाही म्हणत नाही. त्या ताईंच्या घरी आता डोरलं खिडकीजवळ नेऊन सगळ्यांना दाखवणं चालू आहे, आणि दाखवते ती आजीच.